थांबा, सरकार देणार आहे

सरकारवर माझ्या साडूंइतका विश्वास ठेवणारा माणूस या देशात दुसरा झाला नसेल. खुद्द सरकारातल्या मंडळींचाही सरकारवर एवढा विश्वास नसतो. ती बिचारी शपथ घेतल्या दिवसापासून आपापलं बघायला लागतात. आमचे साडू मात्र अंबरनाथला सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये पंख्याखाली बनियनवर बसून, सरकार आपल्या घराचं काय ते बघणार या भरवशावर सगळी नोकरीभर निवांत होते. सरकार या पक्षाचं असो की त्या, ते पडो, फुटो, रात्रीत बदलो आणि सकाळी पुन्हा जागेवर येवो, त्यांच्या श्रद्धेला कधी धक्का लागला नाही. उलट सरकार जितकं डळमळीत तितके साडू खुशीत. "घाबरलेलं सरकार जास्त देतं, साडूभाऊ," असं ते मला डोळा बारीक करून सांगायचे. जणू काही मंत्रालयातून आताच कुणाशी तरी बोलून आलेत.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई. दाजींची आणि माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. उल्हासनगरातल्या एका हॉलमध्ये लग्न होतं, भंतेजी अजून यायचे होते आणि मी पांढऱ्या कपड्यांत घामाघूम होऊन खुर्चीवर बसलो होतो. नव्या जावयाला लोक पगार विचारतात, फारच जवळचे असतील तर घेतो का म्हणून विचारतात. दाजींनी शेजारची खुर्ची ओढली आणि विचारलं, "जागेचं काय?" मी म्हटलं, विठ्ठलवाडीला भाड्याची खोली आहे, पुढेमागे स्वतःची घ्यायचा विचार आहे. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "एवढ्यात घेऊ नका. बजेट येऊ द्या." पुढे मला कळलं की हा सल्ला ते सगळ्यांनाच देतात. बजेट झालं की पावसाळी अधिवेशन होऊ द्या, अधिवेशन झालं की निवडणूक होऊ द्या, आणि निवडणूक झाली की नव्या सरकारला जरा स्थिरस्थावर होऊ द्या, तोवर पुढचं बजेट येतंच.

दाजींचं अर्थशास्त्र त्यांनी स्वतःच तयार केलं होतं आणि ते एका चहात समजावून सांगता यायचं. फ्लॅट विकला गेला नाही तर बिल्डर बसतो. बिल्डर बसला की सिमेंटवाला, सळईवाला, टाइल्सवाला, प्लंबर, रंगारी आणि रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेरचा झेरॉक्सवाला बसतो. एवढी माणसं एकदम बसली की सरकारला उभं राहता येत नाही. म्हणून देशावर कुठलंही संकट आलं की सरकार आधी बिल्डरचे डोळे पुसतं, आणि मग त्याच रुमालाने आपलेही पुसतं. नोटा बंद झाल्या तेव्हा दाजी म्हणाले, आता देणार. जीएसटी आला तेव्हा म्हणाले, आता तर देणारच. राज्याचा मुख्यमंत्री कोण हे सकाळचा पेपर आल्याशिवाय सांगता येत नव्हतं, त्या दिवसांत तर त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. आणि रेपो रेट जाहीर व्हायचा असला की ते फॅक्टरीत चक्क रजा टाकायचे. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचे आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बोलत असेपर्यंत ताईंना कुकर लावू द्यायचे नाहीत. रेट तसाच राहिला तर "पुढच्या वेळी कमी करणार", कमी झाला तर "आता कुठे सुरुवात आहे". वाढला तर मात्र दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. संध्याकाळी "आता पब्लिक चिडणार, म्हणजे सरकार देणार" असं पुटपुटत भाजी आणायला निघायचे.

बौद्ध घरातला माणूस, त्यामुळे मुहूर्तबिहूर्त मानायचा प्रश्नच नव्हता. पाडव्याला, दसऱ्याला, अक्षय तृतीयेला बदलापूरचे बिल्डर पानभर जाहिराती देतात. मॉड्युलर किचन फुकट, सोन्याचं नाणं फुकट, एकाने तर कारच्या किल्लीचा फोटो छापला होता, कार नव्हती. दाजी ते पान बघून हसायचे. शिकलीसवरलेली माणसं अजून पंचांग बघून घर घेतात, म्हणायचे. पण त्यांचं स्वतःचं पंचांग त्याहून कडक होतं. मंत्रिमंडळाच्या बैठकीचा दिवस चांगला. निवडणुकीच्या आधीचे महिने अतिशय शुभ. आचारसंहिता लागली की वर्ज्य काळ, आणि मतमोजणीनंतरचे काही दिवस तर सरळ सुतक. ताई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, की यापेक्षा भटजी परवडला, तो निदान एक तारीख काढून देतो.

याचा अर्थ दाजींना घर घ्यायचंच नव्हतं असा कुणी घेऊ नये. घर घेण्याची तयारी त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणीच केली नसेल. दर रविवारी ते आणि ताई बदलापूरला घर बघायला जायचे. ताईंच्या पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली, दाजींच्या खिशात मोजायचा टेप. परवापरवापर्यंत जिथे भाताचं शेत होतं तिथे आज कमान उभी असायची आणि कमानीवर युरोपातल्या एखाद्या गावाचं नाव. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं छापलेलं असायचं आणि ती पाच मिनिटं चालता चालता ताईंच्या चपलांचे अंगठे तुटायचे. नदीकाठच्या एका कॉम्प्लेक्समध्ये सेल्सच्या मुलीने नदी दिसते म्हणून जास्तीचा दर सांगितला. दाजींनी शांतपणे विचारलं, की जुलैमध्ये नदीच आपल्याला बघायला जिन्याने वर येते, त्याचे पैसे कोण कुणाला देतं? मुलगी नवीन होती, रडवेली झाली. ताईंनी तिला डब्यातला लाडू दिला आणि दाजींना कोपर मारलं.

सॅम्पल फ्लॅटमध्ये तर दाजींचा खरा कस लागायचा. घरात जेवल्याशिवाय घर कळत नाही, असं त्यांचं मत होतं. तेव्हा त्या चकचकीत हॉलमध्ये, खोट्या फुलांच्या कुंडीशेजारी, ते जाहिरातीचंच पान पसरून मांडी घालून बसायचे आणि ताईंना डबा उघडायला लावायचे. एकदा डब्यात सुकटीची चटणी होती. नेमकं तेव्हाच मुलुंडहून आलेलं एक गोरंगोमटं जोडपं दारात उभं राहिलं, दोघांनी एकदम नाकाला रुमाल लावला आणि आल्या पावली परत गेलं. सेल्स मॅनेजर धावत आला. दाजी त्याला म्हणाले, "व्हेंटिलेशन बघा जरा. वास बाहेर जात नाही." जेवण झालं की ते बेडरूममधल्या पलंगावर आडवे व्हायचे. सॅम्पल फ्लॅटमधले पलंग मुद्दाम आखूड करतात, म्हणजे खोली मोठी वाटते. हा शोध दाजींना पोटऱ्या बाहेर लोंबकळल्यावर लागला आणि पुढचे कितीतरी रविवार तो त्यांना पुरला. ताई मात्र यातलं काही करायच्या नाहीत. त्या सरळ किचनमध्ये जायच्या, ओट्यापाशी उभ्या राहायच्या आणि नळ सोडून बघायच्या. सॅम्पल फ्लॅटच्या नळाला पाणी नसतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी प्रत्येक घरात त्या नळ सोडायच्या आणि पुन्हा बंद करून ओट्यावरून हात फिरवायच्या.

इतकं हिंडल्यामुळे दाजी या विषयात तयार झाले होते, आणि त्यांच्या विद्येचा फायदा सगळ्या जगाला झाला. फॅक्टरीतल्या त्यांच्या खात्यातल्या बहुतेकांची घरं दाजींनी बघून दिलेली आहेत. कुठल्या इमारतीत टँकर लागतो, कुठल्या बिल्डरचा पार्टनर पळून गेला, सगळं त्यांना तोंडपाठ. प्रत्येक घराच्या वास्तुशांतीला किंवा पहिल्या बुद्धवंदनेला दाजी पुढच्या ओळीत असायचे आणि खीर खाता खाता यजमानाला म्हणायचे, "चांगलं घेतलंत. थांबला असतात तर अजून चांगलं मिळालं असतं." मलाही त्यांनी सोडलं नाही. त्यांचा सल्ला धाब्यावर बसवून मी विठ्ठलवाडीला एक जुना फ्लॅट घेतला, तेव्हा ते जिन्यात उभे राहून वर स्लॅबकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, उल्हासनगरात माणसं आधी घर बांधतात, मग राहायला जातात, आणि मग सरकार येऊन त्या बेकायदा घराला कायदेशीर करायचा कायदा करतं; याहून मोठा सरकारी पाठिंबा तुम्हाला कुठे मिळणार? माझी बायको आठवडाभर छताकडे बघत झोपली.

करोनाच्या वर्षी दाजींचा देव खरोखरच पावला. सगळं ठप्प होतं, फ्लॅट पडून होते आणि सरकारने मुद्रांक शुल्क एका झटक्यात उतरवलं. दाजींचा फोन मला भल्या सकाळी आला. आवाज इतका भरून आला होता की मला वाटलं, कुणीतरी गेलं. "दिलं साडूभाऊ, दिलं सरकारनं," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, आता हे घेणार. ताईंनाही वाटलं, त्यांनी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं. आणि दाजी? दाजी रोज मास्क लावून रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेर जायला लागले, पण दुसऱ्यांसाठी. रांग लावून दे, कुणाचा साक्षीदार हो, कुणाच्या म्हाताऱ्या आईला खुर्ची आणून दे. स्वतःचं काय विचारलं तर म्हणायचे, "ही पहिली खेप आहे. धंदा अजून उठलेला नाही. अजून खाली आणणार." सरकारने खाली आणलं नाही. मार्च संपला आणि सवलतही संपली. त्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो तर ते टीव्ही बंद करून बसले होते. ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या आणि एकेक कपडा गरजेपेक्षा जास्त जोरात झटकत होत्या. दाजी म्हणाले, की वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, सरकारला आता द्यायची सवय लागली.

ताईंना काय हवं होतं ते मला त्या दिवशी नीट कळलं. क्वार्टर तशी चांगली होती, झाडं होती, हवा होती, पण त्यातलं काहीही त्यांचं नव्हतं. पंख्यावर नंबर, दारावर नंबर, संडासाच्या टाकीवरसुद्धा नंबर रंगवलेला. भिंतींचा रंग ऑफिस ठरवणार, सगळ्या क्वार्टर्सना तोच फिका पिवळा. लग्न होऊन ताई तिथे आल्या, मुलगी तिथे वाढली आणि लग्न होऊन नाशिकला गेली, तरी भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर अर्ज करावा लागायचा. त्यांचं मागणं फार नव्हतं. त्या इतकी वर्षं उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या एका जीन्सच्या कारखान्याचं काम घरी आणत होत्या. गठ्ठाच्या गठ्ठा पँटी, त्यांचे लोंबणारे धागे कापायचे, बटणं लावायची. ते गठ्ठे दाराआड ठेवावे लागायचे, कारण क्वार्टरमध्ये धंदा चालत नाही. "आपल्या घरात गठ्ठा लपवायला लागणार नाही," एवढंच त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. आणि दाजींच्या निवृत्तीला फार वेळ राहिलेला नव्हता. निवृत्तीनंतर काही महिने राहू देतात, मग क्वार्टर सोडावी लागते.

दाजींनी या सगळ्यावर जो तोडगा काढला त्याचं वर्णन करायला माझी लेखणी अपुरी आहे. केंद्राची एक योजना होती, पहिलं घर घेणाऱ्याला कर्जाच्या व्याजात सवलत देणारी. अट अशी, की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. सोलापूरकडे दाजींच्या गावी वडिलांनी ठेवलेल्या दोन खोल्या होत्या आणि त्यात दाजींचा अर्धा हिस्सा होता. दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, चला, म्हातारपणी तेवढा तरी आधार. दाजींना तो अर्धा हिस्सा आपल्या पात्रतेवरचा डाग वाटला. ते गावी गेले आणि धाकट्या भावाच्या नावाने हक्कसोड करून आले. भावाने मटण केलं, स्टँडपर्यंत सोडायला आला, डोळ्यांत पाणी आणून पाया पडला. दाजी परत आले ते सोवळ्यातून आल्यासारखे. "आता देशात कुठंही माझं काही नाही," ते मला अभिमानाने म्हणाले. ताईंनी दाराआडचा पँटींचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि धागे कापायला लागल्या.

दाजी असे सर्वार्थाने बेघर होऊन तयार झाले आणि योजनेची मुदत संपली. वाढवतील म्हणून ते थांबले. शहरातल्या घरांसाठी ती काही वाढली नाही. गावाकडे मात्र भावाला, आता त्याच्या एकट्याच्या झालेल्या जागेवर, सरकारी घरकुल मंजूर झालं. त्याने नव्या घराचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला, गुलाबी भिंती आणि दाराशी तो स्वतः. दुसरा कुणी असता तर फोन भिंतीवर आपटला असता. दाजींनी तो फोटो मोठा करून ताईंना दाखवला आणि म्हणाले, "बघ. मी म्हणत नव्हतो? सरकार देतं." त्या रात्री ताईंनी त्यांच्याशी अबोला धरला. तो बरेच दिवस टिकला आणि दाजींच्या लक्षात यायलाही तेवढाच वेळ लागला.

मग दाजी निवृत्त झाले. फॅक्टरी सरकारची राहणार की तिची नुसतीच कंपनी होणार, यावर चर्चा करण्यात त्यांची शेवटची वर्षं गेली होती. ती कंपनी झाली, दाजींना शाल आणि नारळ मिळाला आणि ते घरी बसले. लोकसभेची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, विधानसभेची यायची होती. दाजींच्या पंचांगाप्रमाणे एवढा उत्तम काळ आयुष्यात आला नव्हता. क्वार्टर सोडायची तारीख जवळ येत होती, ताई भांडी पोत्यात भरत होत्या, आणि दाजी म्हणत होते की भाड्याने कुठेतरी राहू, पण आचारसंहितेच्या आधी सरकार काहीतरी देणार म्हणजे देणार.

एका रविवारी ताई आपण होऊन म्हणाल्या, चला, घर बघायला जाऊ. दाजी हरखले. टेप खिशात टाकला आणि आम्हा नवरा-बायकोलाही बोलावून घेतलं. बदलापूर पश्चिमेला, कमान नाही, युरोप नाही, अशी एक साधी चार मजली इमारत होती. बांधणारा सिंधी गृहस्थ, मूळचा कॅम्प तीनचा; जीन्सचा धंदा बसल्यावर त्याने हा सुरू केला होता. त्याच्याच पँटींचे धागे ताईंनी वर्षानुवर्षं कापले होते. त्याने दाजींना "जयभीम साहब" केलं आणि ताईंना "आओ दीदी, आओ". तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. दाजी लगेच कामाला लागले, एक टोक भिंतीला लावून टेप ओढत हॉलभर चालत गेले. बिल्डर थोडा वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "साहब, अब नाप के क्या करोगे? ये तो दीदी का हो गया."

दाजींनी मागे वळून दुसरी कोणी दीदी आहे का ते बघितलं. दारात फक्त माझी बायको होती आणि ती पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होती, कारण धागे कापून साठवलेल्या पैशांतून ताईंनी बयाणा दिला तेव्हा तीच सोबत आली होती. ताई किचनमधून बाहेर आल्या. दाजी चिडले नाहीत. एखाद्या लहान मुलीची समजूत घालावी तसे ते समजावू लागले, की तीनचार महिन्यांवर निवडणूक आहे, आता घेणं म्हणजे शुद्ध नुकसान, बयाणा परत घेऊ, हा आपला ओळखीचाच माणूस आहे, नाही म्हणायचा नाही. ताईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"सरकारला काय द्यायचं ते सरकार देईल, नाही तर नाही देणार," त्या म्हणाल्या. "माझं काय सरकारशी लग्न लागलेलं नाही. तुम्ही काय देताय ते सांगा."

इमारतीत कुठेतरी ड्रिल मशीन चालू होतं, तेही नेमकं तेव्हाच थांबलं. दाजींच्या हातातला टेप सटकला आणि सर्रकन डबीत गेला. ते ताईंकडे बघत राहिले. इतके रविवार ते दोघं शेकडो घरांतून एकत्र हिंडले होते, पण दाजींनी भिंतीकडे न बघता ताईंकडे बघितलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग ते गुडघ्यावर हात ठेवून, जेवायला बसायचे तसे, पण डब्याशिवाय, फरशीवर खाली बसले. बिल्डरला विचारलं, पाणी आहे? है साहब. मुन्सिपाल्टीचा दाखला? है, सब है. "फंडाचे पैसे आलेत," ते शेवटी म्हणाले, "ते घे. आणि घर तुझ्या एकटीच्या नावावर कर. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात थोडी सूट आहे. एवढी तरी घेऊ." सरकारकडून दाजींना जन्मात मिळालेली ती एकुलती एक सवलत. ताईंनी तोंड फिरवलं आणि किचनमध्ये जाऊन नळ सोडला. त्याला पाणी होतं, आणि त्यांनी तो लवकर बंद केला नाही.

उरलेल्या रकमेचं थोडं कर्ज झालं, रजिस्ट्रेशन झालं, घर मिळालं. भंतेजी आले, वंदना झाली, खीर झाली. दारावर ताईंच्या नावाची पाटी लागली आणि दाजींनी आलेल्या प्रत्येकाला सांगितलं की कागदोपत्री मी अजून बेघरच आहे, म्हणजे पुढच्या योजनेला पात्र; कुटुंबाची अट तेवढी ते सोयीने विसरले. पण एकदाही कुणाला ते "थांबलो असतो तर" असं म्हणाले नाहीत. ताईंनी हॉल मोरपंखी रंगवून घेतला. तो इतका भडक झाला की बघून डोळे दिपतात, पण ते त्यांना सांगायची कुणाची टाप नाही.

आणि मग, जे व्हायचं होतं तेच झालं. सगळा कारभार आटोपून फार दिवस झाले नव्हते, निवडणूक तोंडावर आली होती, आणि सरकारने दिलं. व्याजाच्या सवलतीची योजना पुन्हा आली, अमुक तारखेनंतर घर घेणाऱ्यांसाठी. ताईंच्या घराचे कागद त्या तारखेच्या अलीकडचे. म्हणजे सगळं आयुष्य चुकलेले दाजी, ज्या एकाच वेळी ताईंनी त्यांचं ऐकलं नाही, त्या एका वेळी बरोबर निघाले होते. मी माणूस म्हणून फारसा चांगला नसल्यामुळे मला हसू आवरेना. दाजींची फिरकी घ्यायला मी दुपारीच बदलापूर गाठलं.

दार दाजींनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ताई आत झोपल्या होत्या. आम्ही गॅलरीत जाऊन बसलो. मी अजून विषय काढतोय तोच बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ होते, रेल्वेत नोकरीला. त्यांच्या मुलासाठी ते याच इमारतीत घर बघत होते. त्यांचा आवाज प्लॅटफॉर्मवरचा. "काका, ऐकलंत का? सरकारने सवलत काढली पुन्हा. तुमचं थोडक्यात हुकलं की हो!"

आतून ताईंनी झोपेतल्या आवाजात विचारलं, "कोण आहे हो? काय हुकलं?"

"काही नाही गं," दाजी आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले. मग त्या गृहस्थांकडे वळले आणि आवाज मुद्दाम चढवून म्हणाले, "सरकारचं काय घेऊन बसलात राव? निवडणूक आली की थापा मारतात. द्यायचं-बियायचं काही नसतं त्यांना. सरकार कधी कुणाला काय देतं का?"

रेल्वेवाले गृहस्थ तोंड उघडं टाकून बघत राहिले. दाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना जिन्यापर्यंत नेलं, हळू आवाजात बहुधा सगळी योजना अटींसकट समजावून सांगितली, आणि परत येऊन दार लावून घेतलं. गॅलरीत माझ्या शेजारी बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला इथं दुपारची झोप लागते, साडूभाऊ. क्वार्टरमध्ये कधी लागायची नाही. आपण घाई केली, असं तिच्या मनात यायला नको."

माझ्याही लग्नाला बरीच वर्षं झाली, पण बायकोसाठी मी माझ्या देवाला असं भर दारात खोटं पाडेन का, याचा मी अजून विचार करतो आणि उत्तर काही चांगलं येत नाही.

थोड्या वेळाने ताई चहा घेऊन बाहेर आल्या. केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. एवढ्या उन्हाचं काय काढलंत, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सहज आलो होतो. दाजींनी बशीत चहा ओतला आणि बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवला.